गाडीतलं पेट्रोल, ऑइल, कूलंट घरी काढलंय का? नाशिककरांनो, अनुभव लिहा

इंदिरानगर (धागाकर्ता)
परवा सोसायटीत दोन काकांची चांगलीच जुंपली. एक गाडी कित्येक महिने जागची हललेली नाही, टाकीत जुनं पेट्रोल. एक काका म्हणे, "नळी टाक, तोंडाने ओढ, पाच मिनिटांचं काम." दुसरे म्हणे, "टो करून गॅरेजला न्या, नसते उद्योग नकोत." मला दोघांचंही पटेना, म्हणून हा धागा. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, काहीही चालेल. कसं काढलं ते लिहाच, पण काढलेलं ठेवलं कुठे तेही लिहा. त्यावर कुणी बोलत नाही.

पिंपळगाव बसवंत, बागाईतदार
द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की डावनीच्या (बुरशीचा रोग) धास्तीने आमचा फवारणीचा ब्लोअर थांबत नाही. मळ्यात डिझेलचा ड्रम असतो, त्यातून कॅन भरायचे. तोंड लावायची गरजच नाही दादा. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप हार्डवेअरमधून आणा. पाइप सावकाश, जवळजवळ सगळाच ड्रममध्ये सोडा, म्हणजे तो आतल्या आत भरतो. बाहेर राहिलेल्या टोकावर अंगठा घट्ट दाबून पाइप बाहेर ओढा, आतलं टोक मात्र बुडालेलंच राहू द्या. बाहेरचं टोक ड्रममधल्या डिझेलच्या पातळीखाली आलं की अंगठा काढा, धार लागलीच समजा. मोठा बुडबुडा दिसला तर धार तुटणार; पारदर्शक पाइप घ्यायचा तो त्यासाठीच. आमचा ड्रम ओट्यावर आहे, कॅन खाली. थांबवायचं तर टोक वर उचलायचं, संपला विषय. शेततळ्यातून पाणी काढतो तेही असंच, फक्त पाइप जाडा. पेट्रोलला हा प्रकार नको, हात भरतात.
शेजारच्या मळ्यावर एका पोराने तोंडाने ओढलं, जोरात ठसका लागला, आणि घरच्यांनी मीठ-पाणी पाजून उलटी करवली. पोरगा वाचला, पण बरेच दिवस खोकत होता. इथे कुणी डॉक्टर असतील तर सांगा, बरोबर केलं का?

नाशिकरोड, डॉक्टर
नाही केलं. पेट्रोल-डिझेल पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात जाणं जास्त घातक. पातळ असल्याने ते ठसक्याबरोबर श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. उलटी करवली की तेच परत घशातून वर येतं, म्हणजे आत जायला आणखी एक संधी. मीठ-पाणी नको, घशात बोटं घालणं नको. चूळ भरा, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने धुवा आणि सरळ दवाखाना गाठा. "आता बरं वाटतंय" म्हणून घरी झोपू नये. खोकला, धाप, ताप काही तासांनीही सुरू होतात, म्हणून आम्ही निदान सहा तास नजरेखाली ठेवतो.

सातपूर, गॅरेज
पहिल्या काकांनी नळी टाकून दाखवावीच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ती सरळ टाकीत जायची. आताच्या बऱ्याच गाड्यांत तोंडाशी झडप नाहीतर जाळी असते, शिवाय वळणं. जोर लावला की नळी आत अडकते, मग ती काढायला टाकी उतरवा. अशा गाडीत आम्ही मागची सीट उचलतो. बऱ्याच मॉडेल्सना तिथे पंपाचं झाकण मिळतं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत लाइनमध्ये साधारण तीन-चार बार प्रेशर असतं. ते न सोडता पाइप उपसला की फवारा थेट तोंडावर. हे घरी करू नका. धंद्यासाठी म्हणत नाहीये.
दुसरं, डिझेल गाडीत पेट्रोल. सुट्टीत त्र्यंबकला निघालेल्या पाहुण्यांचे असे फोन येतातच. चावी फिरवू नका. स्टार्ट तर नाहीच, नुसतं इग्निशनही नको, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेही टाकीतला पंप लाइन भरून घेतो. कॉमन रेलच्या (हल्लीच्या डिझेल गाड्यांतली इंधन यंत्रणा) पंपाला वंगण असतं ते डिझेलचंच. त्यात पेट्रोल गेलं की धातूवर धातू घासतो आणि चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो. न्यूट्रल करून ढकलत बाजूला घ्या आणि फोन करा. टाकी रिकामी करायचा खर्च परवडतो, इंजेक्टरचा नाही.

इंदिरानगर (धागाकर्ता)
काकांना वाचून दाखवलं. गप्प आहेत.

सराफ बाजार
२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, त्या पुरात आमची जुनी व्हॅनही पाण्यात होती. टाकीत पाणी शिरलंय का, हा प्रश्न. आमच्या मिस्त्रीने रबरी फुग्याचा हातपंप आणला, तळाला टेकेपर्यंत नळी सोडली आणि पहिली धार काचेच्या बरणीत घेतली. पाणी जड, ते तळाशीच असतं. बरणी जरा ठेवली, तर खाली गढूळ पाणी, वर पेट्रोल आणि मधे स्पष्ट रेघ. मला वाटलं वरचं निथळून परत भरू. मिस्त्री म्हणाला, पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याबरोबर खाली उतरतं, वरचं स्वच्छ दिसलं तरी ते आता पहिल्यासारखं नाही. सगळंच काढलं. हल्ली २० टक्के इथेनॉल असतं, तेव्हा उभ्या गाडीवाल्यांनी हे ध्यानात ठेवा.

गंगापूर रोड, सोसायटी सेक्रेटरी
काढायचं ते बेसमेंटमध्ये नको, एवढी विनंती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, उडून न जाता फरशीवरून सरकत जाते. आमच्याकडे खाली पाण्याची मोटर आहे, ऑटो स्विच कधी टक करेल सांगता येत नाही. प्लास्टिकची बादली किंवा कोल्ड्रिंकची बाटलीही नको. धातूचा डबा, जमिनीवर टेकवलेला, नळीचं टोक डब्याला चिकटून. उघड्यावर, मोबाइल खिशाबाहेर काढायचाच नाही. आणि ठेवण्याबद्दल: १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं. पण ते गॅलरीत गिझरशेजारी ठेवा, असं कायदा म्हणत नाही!

कॉलेज रोड
माझा विषय इंजिन ऑइल. सर्व्हिसिंगहून गाडी आली, सवयीने डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. जास्त ऑइल झालं की इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ते घुसळतो आणि फेस होतो. परत गॅरेजला जायचं, तर त्यांचा शब्द "चालतं हो ताई, काही होत नाही." मग घरीच केलं. फिशटँकच्या हवेची बारीक नळी आणि मेडिकलमधली मोठी सिरिंज. इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं, कारण कोमट ऑइल चटकन येतं, गार असलं की सिरिंजचा दट्ट्या ओढताना बोटं दुखतात. डिपस्टिक काढून त्याच भोकातून नळी खाली सोडली. सिरिंजभर काढायचं, पुसून डिपस्टिक बघायची, पुन्हा काढायचं. दोन खुणांच्या मधे आल्यावर थांबले. नवंच ऑइल होतं, ते बाटलीत भरून ठेवलंय, टॉपअपला येईल.

सिडको
ताई, तीच सिरिंज ब्रेक ऑइलला वापरू नका, वेगळी घ्या. मी रिझर्व्हॉयरमधलं काळपट ब्रेक ऑइल सिरिंजने काढून सीलबंद डीओटी ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) भरतो, दर दोन वर्षांनी. हे ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून उघडी बाटली ठेवून उपयोग नाही. थेंब रंगावर पडला तर नुसतं पुसू नका, भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उठतो.

सातपूर, गॅरेज
साहेब, हे अर्धंच काम झालं. जुनं ऑइल चाकांपर्यंतच्या लाइनमध्ये तसंच राहतं, ते ब्लीड केल्याशिवाय, म्हणजे चाकांपाशी सोडून दिल्याशिवाय, निघत नाही. आणि रिझर्व्हॉयर पार कोरडा करू नका. हवा शिरली की पेडल थेट खाली जातं. झाकणावर डीओटीचा जो आकडा असेल तोच भरा.

देवळाली कॅम्प
कूलंटबद्दल कुणीच लिहिलं नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कूलंट गोड असतं आणि कुत्री-मांजरं ते चाटतात, हे कुणी सांगत नाही. बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, त्याने किडन्या जातात. आमच्या गल्लीत कुणीतरी उघडी परात भरून रात्रभर ठेवली होती. मी ती गेटवरूनच हाक मारून उचलायला लावली. झाकणाचा डबा घ्या, सांडलेल्यावर माती टाकून ती भरून घ्या.

इंदिरानगर (धागाकर्ता)
आणि जळक्या ऑइलचं काय करता?

अंबड
आमच्याकडे सेंट्रिंगवाले (स्लॅबचे साचे लावणारे) मागायला येतात, साच्याच्या प्लेटांना लावतात. मी देत नाही, पावसाळ्यात ते सगळं नासर्डीत आणि तिथून गोदावरीत. त्याच ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरतो, वर मार्करने "जळकं" लिहितो आणि ओळखीच्या गॅरेजच्या ड्रममध्ये ओततो. त्यांच्याकडून रिसायकलवाला घेऊन जातो. फक्त त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नका, मग गॅरेजवाला घेत नाही. जुनं पेट्रोल वेगळ्या डब्यात न्या, पण आधी फोन करून विचारा. सगळेच घेत नाहीत.