डोंगरधारेवरून ४०० केव्हीची लाइन येतेय. हरकत नेमकी कशावर घ्यावी?

डोंगरउतार

नमस्कार मंडळी,

आमचं खोरं अरुंद आहे. मधे तळं, पश्चिमेला चढत जाणारं रान आणि पूर्वेला लांबच लांब उघडी डोंगरधार. त्या धारेच्या अगदी माथ्यावरून ४०० केव्हीची (चार लाख व्होल्टची) विजेची डबल सर्किट लाइन, म्हणजे एकाच टॉवरवर तारांचे दोन संच, न्यायचं चाललंय. सर्वेवाले लाल टोकाच्या खुंट्या ठोकून गेले, तेव्हा कुठे गावाला पत्ता लागला. मग माहिती देण्यासाठी सभा झाली. भिंतीवर मोठे फोटो लावले होते, त्यात आमची धार आणि तिच्यावर टॉवर. टॉवर इतके बारीक, की सासूबाईंनी चष्मा पुसून परत पाहिलं आणि विचारलं, "हे कुंपण आहे का?"

पुढे सभेत जे व्हायचं ते झालं. अर्धे लोक "लाइन नकोच" म्हणून ओरडले. काही म्हणाले, जमिनीखालून न्या. ज्यांच्या जमिनीत टॉवरचे पाय येणार, ते मोबदल्यावर अडून बसले. दोघी-तिघींनी मुलांच्या तब्येतीचं विचारलं तर "सगळं मर्यादेत आहे" एवढंच उत्तर मिळालं. कसली मर्यादा, किती, काही नाही.

लेखी हरकत द्यायला थोडेच दिवस उरलेत आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आम्हाला वीज नको असं नाही. पण नुसतं "निसर्गसौंदर्य नष्ट होईल" लिहिलं तर कागद फाइलला लागेल आणि तिथेच राहील, एवढं कळतं. कशावर बोट ठेवावं?

भटका जीव

सरळ भूमिगत केबल मागा. इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या डोंगराळ भागात जवळजवळ ९ किलोमीटर लाइन जमिनीखाली घातली आणि २०२२ मध्ये २२ टॉवर उतरवले. आधीचे आणि नंतरचे फोटो शोधून बघा, डोळे निवतात. त्यांना जमतं तर इथे का नाही?

जुना खुंटीवाला

ताई, माझी सगळी नोकरी लाइनच्या सर्वेत गेली. तुमच्या धारेवर पडल्यात तसल्या खुंट्या मीही ठोकल्यात. तेव्हा टेबलाच्या पलीकडून सांगतो.

"लाइन नकोच" हे वाक्य हरकतीतून काढा. लाइन लागणार की नाही हे वेगळ्या ठिकाणी आणि बहुधा आधीच ठरलेलं असतं. तुमच्यासमोर बसलेल्या माणसाच्या हातात फक्त मार्ग असतो. आणि त्या मार्गातली सगळ्यात लंगडी बाजू तुम्ही स्वतःच लिहिली आहे : धारेचा माथा.

सर्वेवाल्याला माथा का आवडतो ते आधी ऐका. घरं नाहीत, झाडं कमी, जमीन टणक, हरकती घेणारे शेतकरी मोजके. कागदावर अगदी देखणा मार्ग. पण डोळ्याला त्याच्याइतका वाईट दुसरा नाही. टॉवर जाळीचा असतो. मागे डोंगर किंवा झाडी असली, की जाळीतून मागचं रान दिसतं आणि थोड्या अंतरावरून टॉवर त्यात विरून जातो. मागे आकाश आलं, की तोच टॉवर काळा होऊन उभा राहतो आणि पार दूरवरून मोजता येतो.

हे माझं मत म्हणून लिहू नका. ब्रिटनमध्ये विल्यम होलफर्ड या नगररचनाकाराने १९५९ मध्ये लाइनच्या मार्गासाठी काही नियम घालून दिले, तिथे ते अजून वापरतात. त्यात हे स्पष्ट आहे : पार्श्वभूमीला आकाशापेक्षा डोंगर आणि झाडी निवडा, धार ओलांडायचीच तर खिंड बघा आणि शक्यतो तिरकस ओलांडा. मार्ग कमीत कमी वळवा, हेही आहे. कारण वळणावर तारांचा ताण एका अंगाला येतो, तिथला अँगल टॉवर साध्या टॉवरपेक्षा जाडजूड लागतो आणि जास्त खुपतो.

म्हणून मागणी अशी करा : लाइन माथ्यावरून काढून धारेच्या पलीकडच्या उतारावर घ्या आणि जिथे ओलांडायची तिथे खिंडीतून ओलांडा. या दर्जाचे टॉवर साधारण ४५ ते ५० मीटर उंच असतात, म्हणजे माथ्यापासून निदान तेवढं खाली उतरल्याशिवाय उपयोग नाही. तिथे उतार फार उभा आहे, दरड येते असं उत्तर मिळेल. खरंही असेल. पण मग दोन्ही मार्गांची तुलना लेखी द्या म्हणावं : लांबी, अँगल टॉवर किती, तोडायची झाडं किती, घरांपासूनचं अंतर किती. "तो पर्याय पाहिला होता, जमत नाही" हे तोंडी अजिबात ऐकून घेऊ नका.

पोरं त्या खुंट्या उपटायला निघतील, त्यांना आवरा. प्रत्येक खुंटीचा फोटो आणि मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश घ्या. नकाशातली रेघ आणि जमिनीवरची रेघ जुळते का, हे त्यावरूनच ताडून बघता येतं.

आता फोटोंचं. तुमच्या सासूबाईंची नजर पक्की आहे. रुंद कोनाच्या लेन्सने काढलेल्या फोटोत लांबचा डोंगर आणि त्यावरचा टॉवर दोन्ही बारीक होतात. विचारा : लेन्स कुठली होती, फोटो किती मोठा छापला आणि तो किती अंतरावरून बघायचा? साधारण ५० मिमी लेन्सचा फोटो मोठा छापून हातभर अंतरावर धरला, तर डोळ्याला दिसतं त्याच्या जवळ जातो. आणि कुठून काढायचे ते तुम्ही सांगा : तळ्याचा काठ, शाळेचं आवार, रस्ता खोऱ्यात शिरतो ते वळण.

वारा पडलेल्या सकाळी हेलियमचा मोठा फुगा टॉवरइतक्या दोरीला बांधून माथ्यावर सोडा आणि तळ्यावरून फोटो काढा. आसपास एकही चालू तार नसेल तरच, आणि परवानगी लागत असेल तर ती घेऊन. त्यांच्या फोटोशेजारी तो फोटो जोडला, की सभेत फार बोलावं लागत नाही.

भूमिगतचं थोडक्यात. डॉर्सेटचं उदाहरण खरं आहे, पण तो आधीपासून उभ्या असलेल्या एका लाइनचा निवडक तुकडा होता. ४०० केव्ही एसी (सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या) केबलला स्वतःचाच चार्जिंग करंट असतो, म्हणजे केबल स्वतःच भरत-रिकामी होत राहते, त्यात जाणारा करंट. लांबी वाढेल तशी केबलची क्षमता त्यातच खर्च होते आणि मधे त्याची भरपाई करणाऱ्या मोठ्या कॉइल, म्हणजे रिअॅक्टर, बसवाव्या लागतात. काम चालू असताना ४० मीटर किंवा त्याहून रुंद पट्टा उकरला जातो, नंतर त्यावर खोल मुळांची झाडं लावता येत नाहीत. वरच्या लाइनचा बिघाड बहुधा एक-दोन दिवसांत निघतो, केबलला आठवडे लागतात. डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला, चार्जिंगची ही अडचण नाही. म्हणून जर्मनीत ज्यूडलिंक ही जवळजवळ ७०० किलोमीटरची लाइन भूमिगत होते आहे. २०१५ च्या अखेरीस तिथे अशा लाइनींसाठी केबलला प्राधान्य देणारा कायदाच झाला. पण २०२२ ला व्हायची ती लाइन २०२८ वर गेली, हेही बघा. तुम्ही सगळ्या खोऱ्यासाठी केबल मागितलीत तर एका ओळीत नकार येईल. अगदी नाजूक अशा छोट्या तुकड्यासाठी मागा, तर त्यांना आकडेमोड करून उत्तर द्यावं लागेल.

वीजग्राहक नंबर एक

प्रत्येकाला घरात चोवीस तास वीज पाहिजे, तार मात्र दुसऱ्याच्या डोक्यावरून. सौर आणि पवन ऊर्जा आणायची तर ती शहरापर्यंत काय पोत्यात भरून न्यायची?

डोंगरउतार

वीज नको असं म्हणत नाही हे वर लिहिलंय. माथ्याऐवजी पलीकडचा उतार मागणं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर नव्हे, तिकडे वस्तीच नाही.

जुना खुंटीवाला

ग्राहकसाहेब, टोमणा ठीक आहे, पण त्यातून एक कामाचा प्रश्न निघतो. ताई, जवळपास एखादी जुनी लाइन आहे का? असेल तर दोन गोष्टी विचारा. एक, तिच्याच टॉवरवर जास्त तापमान सोसणारे आणि कमी झोळ पडणारे नवे कंडक्टर चढवले तर? अशा तारा जवळजवळ दुप्पट करंट नेऊ शकतात, मग कधी कधी नवी लाइन पुढे ढकलता येते. दोन, नवी होणारच असेल तर जुनी काढणार का? स्कॉटलंडच्या ब्युली-डेनी लाइनला हजारो हरकती आल्या, सार्वजनिक चौकशी झाली, २०१० मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१५ मध्ये ती पूर्ण झाली. लाइन थांबली नाही. पण ४०० केव्हीची नवी उभी राहिली तशी १३२ केव्हीची जुनी उतरली. नवे टॉवर मोठे, मात्र संख्येने कमी.

अर्धा फॅरेडे

मी भौतिकशास्त्र शिकवतो, तब्येतीच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. चुंबकीय क्षेत्र मायक्रोटेस्लात मोजतात. ५० हर्ट्झसाठी सर्वसामान्य लोकांची मर्यादा आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये १०० धरली होती, २०१० मध्ये ती २०० केली. ४०० केव्ही लाइनच्या बरोबर खाली सहसा एक आकडी किंवा त्याच्या थोडं वर आकडा येतो आणि बाजूला सरकाल तसा झपाट्याने उतरतो. म्हणून "मर्यादेत आहे" हे खरंच आहे.

पण आयांचा प्रश्न वेडगळ नाही. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये हे क्षेत्र २ब गटात, म्हणजे "कर्करोगकारक असण्याची शक्यता" या गटात टाकलं. घरात सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या मुलांत ल्युकेमियाचं प्रमाण किंचित जास्त दिसलं म्हणून. तारेमुळेच तसं होतं हे सिद्ध झालेलं नाही. तेव्हा घाबरवू नका आणि गप्पही बसू नका. सगळ्यात जवळच्या घराजवळ आणि शाळेजवळ पूर्ण भाराला किती मायक्रोटेस्ला येतील, तो हिशेब लेखी मागा. करायला सोपा असतो. आणि एक गंमत : भूमिगत केबलच्या बरोबर डोक्यावर उभं राहिलं तर चुंबकीय क्षेत्र तारांखालच्यापेक्षा जास्तही भरू शकतं, फक्त बाजूला ते लवकर संपतं.

रिमझिम पावसात आणि धुक्यात लाइन करकरते, तो कोरोना, म्हणजे तारेभोवतीच्या हवेत होणारा बारीक विद्युत विसर्ग. कोरड्या हवेत फारसा ऐकू येत नाही. तारांखाली लोखंडी कुंपण असेल तर त्याला अर्थिंग करून घ्या, नाहीतर हात लावला की झटका बसतो.

डोंगरउतार

काय बोलू, एका रात्रीत अर्धी हरकत लिहून झाली. पश्चिमेला जुनी १३२ केव्हीची लाइन आहे! सभेत तिचा कुणी उल्लेखही केला नाही. तळ्यावर हिवाळ्यात पाणपक्षी येतात, त्यांचं कसं मांडू? आणि एक पेच आहे : कामासाठी माथ्यापर्यंत रस्ता होणार, तो काही लोकांना हवा आहे.

जुना खुंटीवाला

पक्षी मोठ्या लाइनवर सहसा शॉकने मरत नाहीत, दोन तारांत अंतर भरपूर असतं. ते प्रकार याहून कमी दाबाच्या (व्होल्टेजच्या) लाइनींच्या खांबांवर होतात. इथे धोका धडकेचा, आणि तोही सगळ्यात वरच्या बारीक अर्थ वायरचा, कारण ती दिसत नाही. तळ्याकडे ये-जा करणाऱ्या थव्यांची वाट लाइन जिथे कापते, त्या गाळ्यांत (दोन टॉवरांमधल्या तारांच्या टप्प्यांत) अर्थ वायरवर फिरत्या चकत्या किंवा स्पायरल लावण्याची अट घाला. आपल्यातल्या कुणी पक्षी येण्या-जाण्याच्या वेळा लिहून ठेवल्या असतील तर ती वही जोडा.

रस्त्याला हलकं समजू नका. टॉवरचे पाय चार खड्ड्यांत बसतात, डोंगर फाडतो तो रस्ता. पहिल्या पावसात त्याची माती तुमच्याच तळ्यात येणार. तारा ओढायची पहिली दोरी ड्रोनने नेता येते, अवघड जागी सामान हेलिकॉप्टरनेही चढवतात, म्हणजे प्रत्येक टॉवरपाशी रस्ता हवाच असं नाही. गावात आधी एकमत करा. हवा असेल तर मोऱ्या आणि बाजूच्या चरांसकट मागा आणि त्यांची देखभाल कोण करणार ते नावानिशी लिहून घ्या. नको असेल तर काम संपल्यावर मूळ उतार भरून त्यावर गवत धरेपर्यंत जबाबदारी त्यांची, अशी अट घाला. दोन्ही गट वेगवेगळं लिहून पाठवतील, तर ते सोयीचं तेवढं उचलतील.