राइडिंग मोअर (गवत कापायचं, बसून चालवायचं यंत्र) कोणता घ्यावा? (उताराची जागा, बजेट २५०० डॉलर)

पिट्सबरोकर
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये कॅरीच्या टाउनहाउसमधून पिट्सबरोला (नॉर्थ कॅरोलिना) आलो. प्लॉट १.३ एकर, म्हणजे बाबांच्या हिशोबाने ५२ गुंठे. घर, ड्राइव्हवे आणि मागची झाडी सोडली तरी पाऊण एकर गवत उरतं. जुना २१ इंची ढकलायचा मोअर आहे. पहिल्या शनिवारी सकाळी ९ ला सुरुवात केली, दुपारी १ ला हिने पन्हं आणून दिलं तेव्हा निम्मं बाकी होतं. गवत फेस्क्यू, माती लाल चिकण. मागे सेप्टिकच्या बाजूला उतार, कुंपणाचं फाटक ४८ इंच. बजेट टॅक्ससकट २५०० डॉलर, वर एक डॉलर नाही. काय घेऊ?

नाना_डॅलस
झिरो टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारा मोअर. डोळे मिटून घ्या. मी २०१९ ला ५४ इंची घेतला, ४२०० पडले, कावासाकीचं इंजिन. दोन एकर पन्नास मिनिटांत उरकतो. झाडाभोवती असा गर्रकन वळतो की शेजारचा म्हातारा खुर्ची टाकून बघत बसतो.

पिट्सबरोकर
नाना, ४८ इंचांच्या फाटकातून ५४ इंची कसा नेऊ?

नाना_डॅलस
फाटक मोठं करा. एका दिवसाचं काम आहे.

ओहायोकाकू
उतार म्हणताय ना? मग झिरो टर्नचं नावही काढू नका. आमच्या मागे छोटं तळं आहे. मे महिन्यात सकाळचं दंव पडलेलं, आमचे हे उताराने खाली आले. त्या मोअरची पुढची चाकं नुसती मोकळी फिरतात. वळवणं आणि थांबवणं, सगळं मागच्या दोन चाकांवर. ती घसरली की हातात काही उरत नाही. मोअर सरळ तळ्यात. ह्यांनी उडी मारली म्हणून कपाळमोक्ष टळला. बाहेर ओढून काढायला २७५ डॉलर गेले आणि नंतर त्याच्यातून बेडूक निघाला.

नाना_डॅलस
काकू, दोष दवाचा आहे, मोअरचा नाही. ओलं गवत कापतं का कोणी?

चार्जर
२०२६ मध्ये पेट्रोलचा मोअर घेणाऱ्यांचं नवल वाटतं. मी ईगो कंपनीचा बॅटरीवरचा घेतला, ४२ इंची. तेल बदलणं नाही, बेल्टची कटकट नाही. रविवारी सकाळी ७ ला कापतो, कुणाची झोपमोड होत नाही. ५००० च्या आसपास जातो, पण पाच वर्षांचा हिशोब करून बघा.

पिट्सबरोकर
बजेट २५००.

चार्जर
हप्त्याने मिळतो.

स्पॅनर
आधी उतार मोजलात का? फोनमध्ये लेव्हल असतं. सहा-आठ फुटांची सरळ फळी उतारावर ठेवा, तिच्यावर फोन. बहुतेक मॅन्युअलमध्ये १५ अंशांच्या पुढे चालवू नका असं लिहिलेलं असतं. १५ अंश म्हणजे आडव्या १० फुटांना साधारण पावणेतीन फूट उतार. डोळ्यांना तो किरकोळ वाटतो, बसल्यावर पोटात गोळा येतो. लॉन ट्रॅक्टर, म्हणजे बसून चालवायचा साधा मोअर, उतारावर वर-खाली चालवायचा, आडवा घातला तर कलंडतो. ढकलायचा मोअर मात्र आडवाच चालवायचा, नाहीतर पाय घसरून तोच अंगावर येतो.
दुसरं, ४२ इंची डेक (पात्यांवरचं खालचं पत्र्याचं कवच) म्हणजे मोअरची एकूण रुंदी ४२ इंच नव्हे. उजवीकडे गवत बाहेर फेकणारं झाकण असतं, ते खाली असताना एकूण रुंदी ५० च्या पुढे जाते. फाटकाशी पाती बंद करून झाकण वर उचललं की ४८ मधून जाईल. ४६ चा डेक घेतलात तर रोज खांब खरवडाल.
पाऊण एकराला ४२ चा साधा लॉन ट्रॅक्टर रग्गड. हायड्रोस्टॅटिक घ्या, गिअर बदलत बसावं लागत नाही. २५०० च्या आत नवा बसतो.

सणसवाडीकर
जॉन डिअर सोडून दुसरं बघू नका. मी त्यांच्या पुण्याजवळच्या प्लांटमध्ये चार वर्षं होतो. आपल्या माणसांच्या हातचं मशीन आहे.

स्पॅनर
सणसवाडीला शेतीचे ट्रॅक्टर होतात हो. त्यांचे १०० सीरिजचे लॉन ट्रॅक्टर टेनेसीत ग्रीनव्हिलला बनतात.

सणसवाडीकर
मी कुठे म्हटलं लॉनचे? शिस्त तीच असते.

खोचक
चार शेळ्या घ्या. बजेटमध्ये बसतील, उतारावर घसरणार नाहीत, सणाला उपयोगी पडतील.

देवगडचा_कलमवाला
आमच्याकडे बसायचं-बिसायचं काही नाही, खांद्याला अडकवायचा ग्रास कटर. श्रावण-भाद्रपदात कलमांखाली कमरेएवढं माजतं. पण एक सांगतो, ते कुठल्याही यंत्राला लागू आहे. गेल्या वर्षी कापणी झाल्यावर टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं. आता पंपावर सगळं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. पुढच्या पावसात दोरी ओढून ओढून खांदा गेला, कार्ब्युरेटर उघडला तर आत हिरवट चिकटा. इथेनॉल पाणी ओढतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं.

स्पॅनर
शंभर टक्के. आमच्याकडेही पंपावर बहुतेक १० टक्के इथेनॉलच मिळतं. हिवाळ्याआधी टाकी रिकामी करा नाहीतर पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घाला. तेल दर ५० तासांनी. पाती वर्षातून दोनदा तरी घासा, बोथट पात्याने गवत कापलं न जाता फाटतं आणि टोकं पांढरी पडतात. आणि फेस्क्यू साडेतीन इंचांच्या खाली नेऊ नका.

नाना_डॅलस
मी दोन इंचांवर कापतो. गालिचा दिसतो.

स्पॅनर
तुमच्याकडे बर्म्युडा गवत असेल नाना. फेस्क्यू असा कापलात तर जुलैत अंगण तपकिरी.

ओहायोकाकू
मी आधीच म्हटलं होतं, उताराला झिरो टर्न नको.

पिट्सबरोकर
फळी ठेवून मोजलं. बहुतेक जागा ७-८ अंश, सेप्टिकपलीकडचा पट्टा १९. घाम फुटला. आणखी एक. पलीकडचे आजोबा फ्लोरिडाला चाललेत. त्यांचा ४२ इंची लॉन ट्रॅक्टर ६०० ला देतो म्हणतात. अकरा वर्षं जुना, मीटरवर ३१० तास, एक टायर बसलेला, बॅटरी गेलेली. घ्यावा का?

ओहायोकाकू
दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेऊ नका.

चार्जर
अकरा वर्षांचा? भंगारवाल्याला द्यायला सांगा.

स्पॅनर
डेक खालून बघितल्याशिवाय नको. ओलं गवत चिकटून पत्रा सडतो, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. बेल्ट, स्पिंडलचा (पाती फिरवणाऱ्या दांड्याचा) आवाज, सगळं तपासावं लागेल. तुम्ही पहिल्यांदाच घेताय, नवाच बरा. निदान वॉरंटी असते.

नाना_डॅलस
पैसे वाचवून काय करणार? ४२०० घाला, आयुष्यभर बघायला नको.

पिट्सबरोकर
मंडळी, घेतला. ५५० ला दिला, वर आजोबांनी जास्तीची पाती आणि ग्रीस गन दिली. डेक टोचून बघितला, एका कोपऱ्यात बोटाएवढं भोक आहे, चालेल. १९ अंशांच्या पट्ट्यावर कापणं बंद, तिथे रान माजू देणार. ही म्हणते तिथे हळद लावू. उरलेल्या पैशांत डिसेंबरची पुण्याची तिकिटं बघतोय. नवी बॅटरी घातली, तीन वेळा किल्ली फिरवली, घरघरतो पण सुरू होत नाही.

देवगडचा_कलमवाला
टाकीतलं जुनं पेट्रोल काढलंत का?

पिट्सबरोकर
नाही. अर्धी टाकी होती, फुकट मिळालं म्हणून ठेवलं.