लिस्बनहून एका दिवसात : बाताल्या की अल्कोबासा? (आई सोबत आहे)

घाटवाट
मंडळी, आईला घेऊन लिस्बनला बहिणीकडे चाललोय. एक दिवस मोकळा आहे. जुनं चर्च आणि त्यात राजेलोकांची थडगी बघायचीत. आईचे गुडघे दुखतात. दोघांचं येणं-जाणं, तिकिटं सगळं धरून ७० युरो, वर एक छदाम नाही. मी गाडी चालवत नाही. कुठे जावं, बाताल्याच्या मठात की अल्कोबासाच्या?

निवांत_पाखरू
बाताल्या, डोळे झाकून. गाडी भाड्याने घ्या, अल्कोबासाही उरकेल. मध्ये अंतर वीसेक किलोमीटर.

घाटवाट
गाडी चालवत नाही हो, वर लिहिलंय.

मांडवीकर
बाताल्या +१. १३८५ साली अल्जुबारोताच्या लढाईत पोर्तुगालचा राजा जुआंव पहिला याने शेजारच्या कास्तीलच्या (आजच्या स्पेनमधलं राज्य) फौजेचा धुव्वा उडवला. लढाईआधी केलेल्या नवसाचं हे बांधकाम, मठ डोमिनिकन या कॅथलिक पंथाच्या साधूंचा. आत शिरल्यावर उजवीकडच्या दालनात जुआंव आणि इंग्लंडहून आलेली राणी फिलिपा एकाच थडग्यावर शेजारी शेजारी पहुडलेत. तो चिलखतात, तिच्या एका हातात पुस्तक, दुसरा हात त्याच्या हातात. दगडातली ती बोटं जवळ जाऊन बघा. भिंतीलगत चार राजपुत्र आहेत, त्यातला एक दर्यावर्दी हेन्री.

खडूस_काका
दर्यावर्दी कसला! मोरोक्कोवरच्या स्वाऱ्या सोडल्या तर गडी किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांना पाठवायचा. आणि भाड्याच्या गाडीचं नाव काढू नका. आधीपासून असलेल्या ओरखड्याचे पैसे माझ्या कार्डातून कापले, ते आजतागायत परत नाहीत.

चहाबाज
लिस्बन सोडायचंच कशाला? तिथल्याच बेलें भागातल्या जेरोनिमोस मठात जा, ट्रामने होतं. मानुएल राजाचं थडगं चक्क संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहे. दाराजवळ वास्को द गामा. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरलेला, अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. बांधकामाचा पैसा आला पूर्वेच्या व्यापारावरच्या करातून, म्हणजे आपल्याच मिऱ्यांतून.

खडूस_काका
म्हणजे आपणच पैसे दिलेत, तर तिकीट कशाला काढायचं?

मांडवीकर
काका, गोव्यात ४५१ वर्षं काढली त्यांनी, तो हिशेब आधी मांडा. पण दगडाने काय घोडं मारलंय?

गवंडीदादा
पेशाने सिव्हिलवाला आहे, म्हणून बाताल्यातल्या सभादालनाबद्दल. सुमारे १९ मीटरचा चौरस, वर दगडी छत, मधे एकही खांब नाही. दंतकथा अशी की आधार काढल्यावर पहिला स्थपती अफोंसो दोमिंगेस स्वतः खाली जाऊन बसला. इतिहासकार मात्र हे काम त्याच्यानंतरचा स्थपती उगेत याचं मानतात. आता तिथे पहिल्या महायुद्धातल्या अज्ञात सैनिकांचं थडगं आहे आणि पहाऱ्याला शिपाई उभे असतात.
मागच्या अंगाला 'अपुरी दालनं' आहेत, ती चुकवू नका. जुआंवचा मुलगा दुआर्ते राजा याने स्वतःच्या समाधीसाठी काढली, मधल्या भागावर छत कधी पडलंच नाही. तो आणि राणी तिथेच आहेत. मातेउश फर्नांदेसने घडवलेला दरवाजा सुमारे १५ मीटर उंच, बोटभर जागा कोरी सोडलेली नाही. पाऊस असेल तर छत्री लागेल.

निवांत_पाखरू
हेच म्हणतोय मी. बाताल्या. आणि गाडी.

ओवी_ताई
कुणी आईंच्या गुडघ्यांचा आणि पैशांचा विचार करतंय का? बाताल्यात राजाराणीचं दालन तिकिटातलं. अल्कोबासाला मी गेले तेव्हा चर्चमध्ये फुकट सोडत होते, आणि मुख्य थडगी चर्चमध्येच आहेत. सिस्टर्शियन या साध्या राहणीच्या कॅथलिक साधूंचं चर्च, शंभर मीटरपेक्षा लांब, अरुंद आणि उंच. भिंती कोऱ्या, त्यामुळे नजर इकडेतिकडे भरकटत नाही. आत चालायला सपाट.
राजा पेद्रू आणि त्याची प्रेयसी इनेश यांची थडगी समोरासमोर, पायांकडे पाय करून. कयामतीच्या दिवशी उठून बसले की पहिली नजर एकमेकांवर पडावी म्हणून, असं सांगतात. इनेशला १३५५ मध्ये सासऱ्याने मारवलं. पेद्रूचं थडगं सिंहांनी तोललंय आणि इनेशचं माणसाच्या तोंडाच्या जनावरांनी. नेपोलियनच्या सैनिकांनी खजिन्याच्या आशेने फोडलेले भाग अजून तसेच दिसतात. जमलं तर मठाचं स्वयंपाकघरही बघा, धुरांडं एवढं अजस्र की खाली बैल भाजतील.

चहाबाज
सासऱ्याने?? सविस्तर लिहा.

ओवी_ताई
राजा अफोंसो चौथा. मुलगा तिच्या नादाने कास्तीलच्या राजकारणात ओढला जाईल ही भीती. पेद्रू गादीवर बसल्यावर त्याने मारेकऱ्यांपैकी दोघांना हाल हाल करून मारलं.

घाटवाट
सगळ्यांचे आभार. बहुमत बाताल्याचं आहे, पण आईला धागा वाचून दाखवला, ती म्हणाली, "त्या बिचारीला बघायला जाऊ." अल्कोबासा, बसने. उरलेल्या पैशात जेवण.

खडूस_काका
सगळे बाताल्या म्हणत असताना? मग विचारलंत कशाला!

ओवी_ताई
छान. परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा, फार बसेस नसतात. रविवारी तर अजून कमी.