मदत हवी आहे: जुन्या दुनळी बंदुकीचा चोक नक्की किती धरायचा?

नमस्कार मंडळी,

आजोबांची पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बर्मिंगहॅम बनावटीची बारा बोअर दुनळी रीतसर माझ्या नावावर झाली आहे. नळ्यांच्या बुडाशी 'नायट्रो प्रूफ' (धूरविरहित दारूसाठी नळीची ताकद तपासल्याची खूण) आणि १३/१ असे ठसे आहेत. 'चोक' हा ठसा फक्त डाव्या नळीवर आहे. त्यावरून नळी तोंडाशी आवळलेली आहे एवढंच कळतं, किती ते नाही.

दुरुस्तीच्या दुकानात नुसतं तोंड मोजलं. उजवी ०.७१५ इंच, डावी ०.६९९. बारा बोअर म्हणजे ०.७२९, म्हणून उजवीला १४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि डावीला ३० थाऊ चोक, असा हिशेब सांगितला. मला तो मुळीच पटत नाही. चोक मोजायचा तो त्याच नळीच्या बोअरमधून (आतल्या व्यासातून), पुस्तकातल्या आकड्यातून नव्हे. १३/१ चा अर्थच असा की प्रूफच्या वेळी या नळीत ०.७१९ चा गेज गेला, ०.७२९ चा गेला नाही. मग ०.७२९ धरायचं कशाला?

ओळखीच्या टूलरूममधून तीन टोकांचा बोअर गेज घरी आणला आणि बुडापासून ९ इंचांवर मापं घेतली; इंग्रज प्रूफवाले बोअर तिथेच मोजतात. उजवी ०.७२२, डावी ०.७२१. म्हणजे उजवीला ७ थाऊच, क्वार्टर चोकपेक्षाही कमी (क्वार्टर १०, हाफ २०, फुल ४० असं धरतात). डावीचं कोडं वेगळं आहे. तोंडाशी ०.६९९ भरते, पण पाऊण इंच आत ०.६८७! सर्वांत अरुंद जागा धरली तर ३४ थाऊ होतात.

माझे प्रश्न:

डावीचं तोंड असं पसरट का असावं? झीज, की कुणी मुद्दाम रीमर (भोक रुंद करायचं हत्यार) फिरवला? दोन्ही नळ्यांची तोंडं एकमेकांना टेकलेली आहेत, मध्ये फट नाही, त्यामुळे नळ्या कापलेल्या नसाव्यात असं मी धरतो. शिवाय चोक सर्वांत अरुंद जागेवरून धरायचा की तोंडावरून?

बोअर अजून ०.७२९ च्या आत, म्हणजे १३/१ च्या ठशाच्या मर्यादेतच आहे, हे चांगलंच. पण नळीच्या भिंतीची जाडी मोजायचं साधन असलेला परवानाधारक बंदूक कारागीर पुणे-कोल्हापूर भागात कुणाला माहीत आहे का? चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा भाग) ६५ मिमी लांबीचं की ७० चं, हेही त्याच्याकडूनच तपासून घ्यायचं आहे. तोवर एकही काडतूस भरणार नाही.

सगळं ठीक निघालं तर ४० यार्डांवर कागद लावून ३० इंची वर्तुळातले छर्रे मोजणार आहे. फुल चोकला साधारण ७० टक्के, हाफला ६० टक्के बसायला हवेत. जुन्या इंग्रजी नळीत खडकीची शक्तिमान काडतुसं वापरून कुणी असा कागद काढला असेल, तर बोअर, चोक आणि टक्केवारी तिन्ही आकडे कृपया इथे द्या.