पर्समधला चाकू : आधार की लोढणं? (खटका, तिठा, उंबरठा आणि मोजपट्टी या चौघांचा वाद)

खटका
रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या बाईने पर्समध्ये फोल्डिंग चाकू ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मिरची स्प्रेला वारा आडवा येतो, त्यातल्या गॅसचा दाब उतरतो. चाकूचं काही संपत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचेच चाकू शस्त्रांच्या यादीत आहेत. तीन इंची पात्याला कोण अडवणार? २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत बायकांना चाकू वाटले होते, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

तिठा
अर्धाच कायदा सांगितलात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली शहरात शस्त्रबंदीचे आदेश वारंवार निघतात. त्यात चाकू आला, सोटा आला, काठीसुद्धा आली. आदेश मोडला की कलम १३५. तिथे पात्याची लांबी मोजत बसत नाहीत.

शिवाय चाकू चालवायला हाताच्या अंतरात जावं लागतं, म्हणजे ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच मिठीत शिरायचं. मुठीपुढे आडवी पट्टी नसेल तर घामेजला हात घसरून पात्यावर जातो आणि आपलीच बोटं कापतात.

खटका
आणि रिक्षात स्प्रे मारला तर? आधी मारणारीच खोकून बेजार. दारू ढोसलेल्यावर तर असर व्हायलाही वेळ लागतो. कायद्याचं म्हणाल तर स्प्रेही साव नाही. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मिरची स्प्रेला घातक शस्त्रच म्हटलं आहे.

उंबरठा
रिक्षाचा मुद्दा खरा. म्हणून विकत घेतानाच बघा : धुक्यासारखा पसरणारा नको, बारीक धार सोडणारा घ्या. धारेला नेम लागतो, पण ती वाऱ्याला कमी दाद देते आणि आपल्याच तोंडावर कमी उलटते. मारा साधारण दोन-तीन मीटर.

डबी मुठीत घट्ट धरून अंगठ्याने दाबायची. तर्जनीने दाबलं की पकड सैल पडते आणि डबी हिसकावली जाते. डोळ्यांच्या रेषेत, या कानापासून त्या कानापर्यंत, एखादा सेकंद. मारता मारता बाजूला सरका. डोळे मिटलेला माणूसही आलेल्या वेगात सरळ पुढे येतो. हे बहुतेकजणी विसरतात.

नवी डबी उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, एकदा क्षणभर उडवून बघा. मुदत तळाशी छापलेली असते. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, फुटू शकते. विमानात हातातल्या सामानात चालत नाही. अंगावर उडालंच तर चोळू नका. ते तेलकट असतं, नुसत्या पाण्याने जात नाही. कातडीला साबण लावा, डोळे मात्र फक्त भरपूर गार पाण्याने धुवा.

मोजपट्टी
दोघांचंही गणित एकाच जागी चुकतंय. १९८३ मध्ये डेनिस ट्युलर या अमेरिकी पोलीस प्रशिक्षकाने दाखवून दिलं की २१ फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. आता पर्स उघडा : चेन, छत्री, डबा, चार्जरची वायर, चाव्या आणि सगळ्यांच्या खाली ते हत्यार. स्टेशनाच्या पायऱ्या उतरण्याआधीच वस्तू हातात हवी. नसेल तर चाकू काय नि स्प्रे काय, सारखेच निकामी.

घाबरल्यावर नजर आक्रसते, बोटं बधिरतात. घट्ट पातं नखाने उघडणं तेव्हा जमत नाही. फोनमधली आपत्कालीन कॉलची सोयही घरीच तपासून ठेवा. पॉवर बटण कुठे तीनदा दाबावं लागतं, कुठे पाचदा. आपल्याकडे तो ११२ ला लागतो.

खटका
बोटांचं मान्य. पण बचावात हात जड पडला म्हणून बाईलाच आरोपी करता येत नाही. दर्शन सिंग खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की हल्ला होत असताना माणूस पायरीपायरीने, गणिती अचूकतेने बचाव करेल ही अपेक्षाच अवास्तव आहे.

तिठा
त्याच निकालात पुढे हेही आहे की वापरलेलं बळ गरजेपेक्षा फारच जास्त नसावं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ तेच सांगतं. शिवाय धोका टळला की हक्कही संपतो. स्प्रे खाऊन डोळे चोळत बसलेल्याला पुन्हा फवारलं, किंवा पळणाऱ्याच्या पाठीत चाकू खुपसला, तर तो बचाव राहत नाही. त्यात चाकूची चूक धुऊन निघत नाही. स्प्रे निदान साबणाने उतरतो.

खटका
मग पात्यावरची खुंटी अंगठ्याने ढकलली की उघडतो, तसा चाकू घ्यावा. नखाचं काम नाही.

मोजपट्टी
घ्या. हिवाळ्यात लोकरी हातमोजा घालून, डोळे मिटून, दहादा उघडून बघा. मग बोलू.