बाबांच्या पंचाहत्तरीसाठी कणकेचा केक

प्रश्न: बाबांना मधुमेह असल्यामुळे त्यांच्या पंचाहत्तरीला मैदा आणि साखर टाळून केक करायचा आहे, पण मागच्या वेळी कणीक व गूळ घालून केलेला केक मधोमध बसला आणि कापताना त्याचा नुसता भुगा झाला. काय चुकले असावे?

उत्तर: कणकेतला कोंडा पाणी शोषून घेतो, त्यामुळे मैद्याच्या मापाने घातलेले दूध तिला पुरत नाही. कणीक चाळून घ्या, दूध तीन-चार चमचे वाढवा आणि मिश्रण चमच्यावरून सलग पडेल इतके सैल ठेवा. सोडा जास्त झाला किंवा ओव्हनचे दार लवकर उघडले तरी केक बसतो. मी १७० अंश सेल्सिअसवर भाजते आणि पहिली २५ मिनिटे दाराला हातही लावत नाही.

उत्तर: ताई, गुळानेही रक्तातली साखर जवळजवळ साखरेइतकीच वाढते, हे कृपया लक्षात असू द्या. माझ्या आईसाठी मी गुळाचे माप निम्म्यावर आणते, वेलची-जायफळ सढळ हाताने घालते आणि आयसिंगऐवजी वर अक्रोडाचे तुकडे लावते. तिचा तुकडा दोन बोटांएवढाच असतो, आणि तो जेवणाच्या ताटातली एक पोळी कमी करून.

प्रश्नकर्ती: दोघींचेही मनापासून आभार. सोडा माझ्याकडून नक्कीच जास्त पडला होता. रविवारी आधी छोट्या भांड्यात करून पाहते.