युनिटासची टक्केवारी आणि १९७८चा नियम
अमेरिकन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम क्वार्टरबॅकची (पास फेकणाऱ्या खेळाडूंची) यादी इथे चर्चेत आहे. सात सुपर बोल (मोसमाचा अंतिम सामना) जिंकले म्हणून टॉम ब्रेडी पहिला, हे एक वेळ मान्य. पण त्या यादीत जुन्या जमान्यातल्या जॉनी युनिटासला ‘जेमतेम ५५ टक्के पास पूर्ण करणारा’ म्हणून मोडीत काढलंय, ते काही पटलं नाही. १९७८ साली नियम बदलले, हे या चर्चेत कुणीच काढलेलं नाही. त्याआधी, युनिटासच्या काळात, पास हवेत जाईपर्यंत बचाव करणारा खेळाडू रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) मैदानभर ढकलू, धक्के देऊ शकायचा. १९७८पासून ही मुभा पहिल्या पाच यार्डांपुरती उरली. शिवाय क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमनना हात पसरून, उघड्या पंजांनी समोरच्याला अडवायची परवानगी मिळाली. म्हणजे रिसीव्हर मोकळा आणि फेकणाऱ्याला वेळही जास्त. सहाच वर्षांत क्वार्टरबॅक डॅन मरीनोने एका मोसमात पासवर ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) केले. मरीनो अफाट होताच, पण दारही उघडं होतं.

युनिटासने जुन्या धसमुसळ्या नियमांतच १९५६ ते १९६० सलग ४७ सामन्यांत किमान एक तरी टचडाउन पास दिला. तो विक्रम मोडायला २०१२ उजाडलं, क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझने मोडला. आणि नुसती विजेतेपदंच मोजायची तर युनिटासच्याही आधीचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम कुठाय यादीत? दहा मोसम, दहाही वेळा अंतिम सामना, सात विजेतेपदं. तेव्हा सुपर बोल नव्हता, एवढाच काय तो त्याचा गुन्हा!